मरणाऱ्या नटाची माय

नागपुरात मी वीस-बावीस वर्षं मेलो. हौसेनं मेलो, जीव ओतून मेलो. छातीत कळ येऊन मेलो, क्षयानं खोकत मेलो, सुनेनं ताट ओढून घेतलं म्हणून उंबरठ्यावर मेलो, आणि एका नाटकात तर पोरगी वकील झाली या आनंदानं मेलो. नाटक कोणतंही असो, पहिल्या अंकाचा पडदा माझ्या प्रेतावर पडायचा.

हिरो व्हावं असं चेहऱ्यात काही नव्हतंच. गाल आत गेलेले, मान लांब, खांदे उतरते. आवाज तेवढा दमदार. पासष्ट सालच्या आसपासची गोष्ट. ऐन बाविशीत सरांनी माझ्या केसांना सफेदा फासला, डोळ्यांखाली काळं ओढलं आणि मला आरशासमोर उभं केलं. सर म्हणजे आमच्या नाट्यमंडळाचे दिग्दर्शक. कॉलेजात मराठी शिकवायचे. आरशात पाहून खूश होऊन म्हणाले, "तुला मेकअपची फारशी गरजच नाही रे!" ही तारीफ होती की अपमान, याचा विचार मी अजून करून राहिलो आहे.

त्यानंतर काळ्या केसांचं काम मला कोणी दिलं नाही. सक्करदऱ्यापासून सदरपर्यंत कोणत्याही मंडळानं नाटक बसवायला घेतलं आणि त्यात म्हातारा मरणार असला की ठरलेलं, "त्याले बोलावा ना बाप्पा, तो मस्त मरते!" दिवसा मी पाणीखात्यात कारकून होतो. नळ कोरडे म्हणून लोक माझ्या टेबलापुढे येऊन हातपाय आपटायचे, आणि संध्याकाळी तेच लोक मला मरताना पाहून टाळ्या वाजवायचे. दोन्हींचा काही संबंध असेलही, मला माहीत नाही. सीझनमध्ये मात्र मला खरोखर मरायला फुरसत नसायची.

सारं नागपूर पाहून गेलं. पाहिलं नाही ते एकाच माणसानं. माझ्या मायनं.

लोकांना वाटायचं, म्हातारीला अपशकुन वाटत असेल. छे! छप्पनच्या धम्मदीक्षेच्या साली आमच्या घरातले देव गेले, त्यांच्या मागोमाग शकुन-अपशकुनही गेले. मांजर आडवं गेलं तर माय मांजरालाच शिवी घालायची. कारण वेगळं होतं, आणि ते मला माहीत होतं.

बाबा गिरणीत होते. मी शाळेत होतो तेव्हाची ती संध्याकाळ. पाळीवरून आले, पाय धुतले, बाजेवर बसले. मायनं चहा दिला. अर्धा चहा पिऊन झाल्यावर त्यांनी खाली वाकून कपबशी बाजेच्या पायाशी ठेवली, मग आतल्या अंगाला सरकवली. कोणाचा पाय लागून सांडू नये म्हणून. आणि मागे टेकले. बस्, एवढंच. माय चुलीपाशी बसून काहीतरी सांगत होती, उत्तर येईना म्हणून वळली. तिनं त्यांचे खांदे धरून हलवले. "उठा ना. आवो, उठा ना." गल्लीतल्या बायांनी येऊन तिला बाजूला करेपर्यंत ती तेच म्हणत होती.

पुढे तिनं बिड्या वळून मला शिकवलं. नाटकाला तिचा विरोध कधीच नव्हता. माझ्या धोतराला इस्त्री तीच करायची, तालमीला जाताना भाकरीचा डबा तीच द्यायची. निघालो की म्हणायची, "जा बाप्पा, मर आन लवकर ये." घरी आलो की विचारायची, "कसा मेला?" मी म्हणायचो, "बढिया!" मग ती जेवायला वाढायची. पण "तू एकदा चल ना" म्हटलं की मान हलवायची. "मी एक डाव पाह्यलं हाय, बाबू. दुसऱ्या डावाची ताकद नाही माह्यात."

मी डबा उचलून तालमीला निघायचो. पण मनातून जळायचो. नटाला टाळ्या हव्याच असतात, त्यात लाजायचं काय? आणि ज्या दोन हातांच्या टाळ्या मला हव्या होत्या, ते हात घरी सूप मांडीवर घेऊन टेंभुर्णीची पानं कापत बसलेले.

एकदा ती आली. आली म्हणजे समोरच्या घरातल्या काकूनं तिला अक्षरशः ओढून आणलं. स्पर्धेचा प्रयोग होता, हॉल भरलेला. तिसरी घंटा झाली आणि माय दारातूनच मागे फिरली. सायकल स्टँडवाल्याच्या बाकड्यावर जाऊन बसली. त्याच्याशी भावांची चौकशी, पोरांची चौकशी, सगळं झालं. आतून टाळ्यांचा कडकडाट आला तसा तो म्हणाला, "गेला वाटते तुमचा पोरगा. जा आता बिनधास्त."

ती आत येऊन काकूशेजारी बसली. दुसऱ्या अंकाचा पडदा उघडला, आणि समोर भिंतीवर काय? माझा फोटो. हा एवढा मोठा, चंदनाचा हार घातलेला, खाली उदबत्ती!

अख्खा अंक ती दात आवळून बसली असणार. मध्यंतर होताच ती रंगपटात शिरली. मी अजून दाढीच ओढून काढत होतो. स्पिरिटगमनं अर्धी दाढी हनुवटीला धरून ठेवलेली. माझ्याकडे तिनं पाहिलंही नाही.

"सर तुमीच का?"

"हो आई, या ना. बसा."

"बसत नाही. जित्या मानसाच्या फोटोले हार काहून घातला?"

सरांनी फार सभ्यपणे समजावलं की कथेत ते गृहस्थ वारलेले आहेत.

"कथेत वारले तं कथेतल्या मानसाचा फोटो लावा. हा माहा पोरगा हाय."

आणि ती तशीच पडद्यामागच्या सेटवर गेली, खुर्चीवर चढली, हार काढला आणि आणून सरांच्या हातात ठेवला. सरांनी आयुष्यात कोणाचं ऐकून घेतलं असेल तर तेवढंच. तिसरा अंक बिनहाराच्या फोटोनं झाला. गंमत पुढेच आहे. बक्षीस समारंभात परीक्षकांनी त्या फोटोचं खास कौतुक केलं. तिसऱ्या अंकात हार नाहीसा होतो, म्हणजे दिवंगत पिता कुटुंबाच्या मनात पुन्हा जिवंत होतो, किती सूचक दिग्दर्शन वगैरे वगैरे. सरांनी मान लववून ते सगळं घेतलं. आणि अभिनयाचं पदक कोणाला? पहिल्याच अंकात आटोपलेल्या मला! आमचा हिरो बँकेत होता, केसांचा कोंबडा काढायचा, आणि मी मरत असलो की नेमका तेव्हाच रुमाल काढून घाम पुसायचा, म्हणजे लोकांनी त्याच्याकडे पाहावं. त्या दिवशी मी मरता मरता त्याचा पाय असा गच्च धरला होता की पडदा पडेपर्यंत त्याला हलता आलं नाही. पदक ऐकून त्याच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या भिवापूरच्याच असाव्यात.

घरी जाऊन पदक मायच्या हातात दिलं. तिनं ते पदराला पुसलं. म्हणाली, "नाटक चांगलं हाय गा. पन त्यात तू नाही."

मला हसावं की रडावं कळेना. पदक मिळालेल्या माणसाचं तोंड असं पडलेलं तुम्ही पाहिलं नसेल.

मग ती उमरेडकडची मंडई. दिवाळी झाली की तिकडच्या गावांत मंडई भरते, दिवसभर बाजार आणि रात्री नाटक. गाव भरभरून आलेलं, बैल सोडून लोक गाड्यांवरच बसलेले. मी "सूनबाई, पाणी" म्हणालो, छाती धरली, दोन पावलं टाकली आणि कोसळलो. सूनबाईनं हंबरडा फोडला. आणि समोरून आवाज आला, "वन्स मोअर!"

संगीत नाटकात गाण्याला वन्स मोअर मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण प्रेतानं अशा वेळी काय करावं हे कोणत्या पुस्तकात लिहिलेलं नाही. मी पडल्या पडल्या एक डोळा उघडून विंगेत पाहिलं. सर दोन्ही हातांनी "पडून राहा, पडून राहा" म्हणत होते. समोर अख्खं गाव ओरडून राहिलेलं, "वन्स मोअर! वन्स मोअर!" माझ्यातला शहाणा माणूस पडून राहिला असता. पण जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात, माझी तर मेल्यावरही गेली नाही. मी उठलो. धूळ झटकली, गावाला नमस्कार केला, जाग्यावर गेलो आणि म्हणालो, "सूनबाई, पाणी." बिचारी डोळे पुसून पुन्हा पाणी आणायला गेली. दुसऱ्यांदा मी पहिल्यापेक्षा चांगला मेलो, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

"तू नट आहेस की माकड?" मी आत येताच सर ओरडले.

"गाण्याले चालते तं मरण्याले काहून नाही, सर?" मी पण तापलेलोच होतो. सर काही दिवस माझ्याशी बोलले नाहीत. पण गावोगावची आमंत्रणं त्या मरणावरच यायला लागली तेव्हा बोलले, आपणहून.

मायला हे सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की सुपातल्या बिड्या जमिनीवर पसरल्या.

"दोनदा मेला?"

"हाव."

"आन मंधात उठला?"

"हाव ना. उठल्याबिगर दुसऱ्यांदा मरू कसा?"

तिचं हसू एकदम थांबलं. खाली वाकून एकेक बिडी गोळा करत ती स्वतःशीच म्हणाली, "उठला म्हनते." मी तेव्हा जेवणाच्या घाईत होतो, त्या शब्दाकडे लक्ष दिलं नाही.

ऐंशी साल उलटलं आणि नागपुरात टीव्ही आला. त्याच सुमाराला मुंबईहून एक निर्मात्या बाई कुठल्याशा कामानं आल्या होत्या. त्यांनी माझं एक मरण पाहिलं आणि मला टीव्हीच्या नाटकासाठी मुंबईला बोलावलं. पाणीखात्यात मी रजेचा अर्ज दिला, तर साहेब म्हणाले, "कारण काय लिहू?" मी म्हटलं, "मरण लिहा, सर." सारं ऑफिस पोट धरून हसलं, आणि स्टेशनवर सोडायला आलं तेव्हा संत्र्यांची करंडी घेऊन आलं.

स्टुडिओत थंडगार. आरामखुर्चीत बसायचं, सून चहा देऊन जाते, म्हातारा चहा पितो आणि जातो. एवढाच प्रसंग. मी माझ्या पद्धतीनं, सगळा साज चढवून मेलो. खुर्ची हादरवली, गळ्यातून घरघर काढली. बाई म्हणाल्या, "छान. पुन्हा एकदा."

माझी छाती अशी फुगली! मुंबईत पहिल्याच झटक्यात वन्स मोअर! मी उठलो, कॅमेऱ्याला वाकून नमस्कार केला, दिवेवाल्यांना केला, कोपऱ्यात चहाची किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसालाही केला.

"अहो, काय करताय?" बाई म्हणाल्या.

"वन्स मोअर ना, बाई?"

तिथले सगळे जे हसले! मग कळलं, कॅमेरा हलला होता. पुन्हा मेलो. पुन्हा एकदा म्हणाल्या. पुन्हा मेलो. आता कॅमेरा हलला नव्हता, मीच जास्त हललो होतो. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, "बाई, आमच्याकडे लोक याच मरणासाठी गाड्या जुंपून येतात." बाई रागावल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्यासमोर बसल्या. "तुम्ही शेवटच्या रांगेसाठी मरताय," त्या म्हणाल्या. "इथे शेवटची रांगच नाही. कॅमेरा तुमच्या शेजारी बसलाय. घरातल्या माणसासमोर मरा ना."

घरातल्या माणसासमोर. मी जरा वेळ मागून घेतला, बाहेर जाऊन पाणी प्यायलो. इतकी वर्षं मी नाना प्रकारे मेलो, पण ते एक मरण मी कधी रंगमंचावर नेलं नव्हतं. ते घरचं होतं. त्याला सफेदा लावायची हिंमत झाली नव्हती.

आत आलो, बसलो. अर्धा चहा प्यायलो. खाली वाकून कपबशी खुर्चीच्या पायाशी ठेवली. मग आतल्या अंगाला सरकवली. मागे टेकलो. बाईंनी पुन्हा एकदा म्हटलं नाही. दिवे बंद झाले, आणि त्या किटलीवाल्या माणसानं एकट्यानं टाळ्या सुरू केल्या. मला स्वतःचा अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू. पण परतीच्या गाडीत एक गोष्ट लक्षात आली. टीव्हीला सायकल स्टँड नसतो. हे आता मायच्या डोळ्यांपुढे येणार होतं, आणि आलं तर तिचं काय होईल?

"कसा मेला?" तिनं घरी आल्या आल्या विचारलं.

"बढिया," मी म्हटलं आणि बूट सोडायला खाली बसलो.

नाटक लागायचं त्या संध्याकाळी काकूनं आपला नवा टीव्ही बाहेर ओट्यावर काढला. सारी गल्ली सतरंज्या घेऊन हजर. काका छपरावर अँटिना फिरवून राहिले होते. "आलं का?" "नाही आलं!" "आता?" "गेलं ना काका, होतं ते बी गेलं!" काकू मायला चिडवायला लागली, "आता कुठं जाऊन बसशीन वं?"

"इथंच बसतो," माय म्हणाली. सगळ्यांना नवल वाटलं. तिनं माझा हात धरून मला शेजारी बसवलं. "तू तिकडे मरशीन तवा इथं बसून राहशीन ना? मग पाहीन मी."

"माय, ऐक ना, त्यात एक गोष्ट आहे..."

"सांगू नको गा. मजा जाते."

चित्र लागलं. खुर्चीतला म्हातारा दिसला तशी गल्लीनं आरोळी ठोकली आणि मग चूप झाली. सून चहा देऊन गेली. माझ्या हातात काकूनं दिलेला खराखुरा चहा, तो निवून राहिला. मायनं माझं मनगट धरलेलं. म्हाताऱ्यानं अर्धा चहा घेतला. खाली वाकला. कपबशी पायाशी ठेवली, मग आतल्या अंगाला सरकवली.

तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. "अशीच," ती म्हणाली. "अशीच ठेवली होती."

म्हातारा मागे टेकला. काकूनं पदर तोंडाशी नेला. माझी मान वर होईना. वाटलं, काय करून बसलो मी हे! हिंमत करून पाहिलं तर माय टीव्हीकडे पाहतच नव्हती, माझ्याकडे पाहत होती. तंबाखूचा वास येणारी तिची बोटं तिनं माझ्या नाकापुढे धरली. माझा श्वास तिच्या बोटांना लागला. तिनं तो नीट लागू दिला. आणि मग बिड्यांच्या कारखान्यात मुकादमाशी भांडायचा तो तिचा ठेवणीतला आवाज निघाला.

"वन्स मोअर!"

"टीव्हीत नसते वं वन्स मोअर!" काकू रडता रडता हसायला लागली.

"टीव्हीतल्याले कोन म्हनून राहिलं? हा बसला ना इथं!"

मग काय, अख्ख्या गल्लीनं धरलं. "वन्स मोअर! वन्स मोअर!" काका छपरावरून ओरडले. मी उभा राहिलो. लुंगी, बनियन, ना सफेदा ना दाढी. केस एव्हाना आपले आपणच पांढरे व्हायला लागले होते. काकूनं घरातून खुर्ची आणून दिली. मी बसलो, माझा निवलेला चहा अर्धा प्यायलो. वाकून कपबशी ठेवली, आत सरकवली आणि मागे टेकून डोळे मिटले.

असं प्रेक्षागृह मला पूर्वी कधी मिळालं नव्हतं आणि पुढेही मिळालं नाही. कोणी टाळी वाजवली नाही. मायच्या गुडघ्यांचा कट्कन आवाज झाला, म्हणजे ती उठली. पावलं जवळ आली. माझ्या दोन्ही खांद्यांवर तिचे हात आले आणि तिनं मला हलवलं.

"ऊठ," ती म्हणाली. "ऊठ ना गा."

मी उठलो.

गल्लीनं जो गदारोळ केला तो पलीकडच्या मोहल्ल्यातही गेला असेल. मला त्यातल्या दोनच हातांच्या टाळ्या ऐकू आल्या, पानं कापून कापून खरबरीत झालेल्या. ती रडत होती, हसत होती आणि वाजवत होती, थांबतच नव्हती.

"कसा मेलो?" मी विचारलं.

"मेला बाप्पा कसातरी," माय म्हणाली. "पन उठला बढिया."